लेखकानं लेखकाला दिलेलं पुस्तक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये जुन्या पुस्तकांच्या नादाला लागलेले लोक कमी नाहीत, पण कुणाला सांगितलं की मी फक्त लेखकांनी एकमेकांना लिहून दिलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवतो की पुढचा अर्धा तास प्रश्नच प्रश्न. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय, जसे आठवले तसे.

नक्की काय जमवता?

मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती, आणि तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर लेखकानं स्वतःच्या हातानं दुसऱ्या लेखकाचं नाव घालून दोन शब्द लिहिलेले. कविता, कथा, नाटक, समीक्षा, काहीही चालतं. घेणारा कवी असो, संपादक असो, नाटककार असो, पण लिहिण्याच्या व्यवहारातला माणूस हवा. पुस्तक कोण लिहितंय हे सगळ्यांना माहीत असतं, ते लिहिताना त्याच्या आसपास कोण होतं हे मात्र फार कमी ठिकाणी सापडतं, आणि त्यातली एक जागा म्हणजे हे पान.

मग सहीचं पुस्तक आणि हे, फरक काय?

सही कुणालाही मिळते. नाशिकमध्ये तर तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची सही असलेलं पुस्तक बऱ्याच घरांत निघतं, कारण माणूस इथेच राहायचा, लोक भेटायला जायचे, पुस्तक पुढे करायचे. त्या प्रती त्या त्या घरासाठी सोन्यासारख्याच आहेत, त्यांना कमी लेखू नका. पण मला ज्यात रस आहे ती गोष्ट वेगळी. तिथे ज्याला दिलं त्याचं नाव हे देणाऱ्याच्या नावाइतकंच वजनदार असतं, कधी कधी जास्तच.

माझ्याकडची एक प्रत सांगतो. कवी फार प्रसिद्ध नाही, संग्रह एकच, ज्याला दिला तोही जिल्ह्यातला एक कवी, दोघंही पेशानं शिक्षक, दोघांची नावं आज कुणाला आठवणार नाहीत. निळ्या-काळ्या शाईत, बारीक टाकानं, पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरपं लिहिलंय, "सप्रेम भेट. पान ४१ वाचा आणि मग भांडायला या." आणि पान ४१ उघडलं की समासात शिसपेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात, दोनच शब्द: "नाही पटलं." त्याच्या खाली कवितेच्या शेवटच्या दोन ओळींना कंस केलाय. बस. पुढे भांडण झालं का, काय बोलले, काही कळत नाही, पण एका माणसाला आपली कविता दुसऱ्याच्या हातात देताना कुठली ओळ टोचत होती आणि दुसऱ्याला नेमकी तीच खटकली हे त्या एका पुस्तकात दिसतं. बाजारात त्या प्रतीला कुणी शंभर रुपये देणार नाही. माझ्या कपाटातलं ते सगळ्यात मोलाचं पुस्तक आहे.

पहिलीच आवृत्ती का? दुसरी-तिसरी का नको?

कारण पहिली आवृत्ती लेखकाच्या हातात पडते त्या आठवड्यात तो ती कुणाकुणाला देतो ही यादी खरी असते. तेव्हा पुस्तक गाजेल की पडेल माहीत नसतं, नाव झालेलं नसतं, प्रकाशकानं दिलेल्या मोजक्या प्रती असतात आणि त्या जवळच्यांनाच जातात. पाचवी आवृत्ती येईपर्यंत समारंभ, सत्कार, पाहुणे, सगळं सुरू झालेलं असतं. तरी नियम म्हणून दगडावरची रेघ नाही हां. तिसऱ्या आवृत्तीवर चाळीस वर्षांच्या मित्राला लिहिलेलं काही सापडलं तर मी सोडणार नाही.

कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'चंच बघा. १९४२ चा कवितासंग्रह. वि. स. खांडेकरांनी तो छापून यावा म्हणून पुढाकार घेतला आणि प्रस्तावनाही लिहिली. कुसुमाग्रज तेव्हा तिशीतले, खांडेकर नाव झालेले कादंबरीकार. पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं आणि कुसुमाग्रजांना १९८७ चं, म्हणजे मराठीतली पहिली दोन ज्ञानपीठं एका पातळशा कवितासंग्रहापाशी भेटलेली आहेत, आणि ते दोघांपैकी कुणालाच माहीत नसताना. अशा पुस्तकाची पहिली आवृत्ती हातात आली की मी सगळ्यात आधी कोरं पान बघतो, ती कुणाकडून कुणाकडे गेली होती यासाठी.

पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

मुखपृष्ठावर जाऊ नका, आतल्या पानावर जा, जिथे मुद्रक-प्रकाशकाची माहिती असते. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव घालणं सक्तीचं होतं, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांत हा मजकूर बहुतेक वेळा सापडतोच, कधी पहिल्या पानामागे, कधी पार शेवटी मलपृष्ठाच्या आत. तिथे 'प्रथमावृत्ती' किंवा 'पहिली आवृत्ती' आणि साल असतं. पुष्कळदा साल शके मध्ये असतं, घाबरू नका, ७८ मिळवा, शके १८६४ म्हणजे १९४२. जानेवारी ते मार्चच्या मधलं असेल तर ७९.

साल फाटलेलं असेल, पान गेलं असेल, तर किंमत बघा. रुपये-आणे असेल तर पुस्तक साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नये पैसे' छापलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, १९६४ मध्ये 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पान १९७२ च्या ऑगस्टनंतर छापलंय, मग वर कुणी काहीही सांगो. मला एकदा 'पहिली आवृत्ती आहे, पन्नासच्या दशकातली' म्हणून दाखवलेल्या प्रतीच्या मागे पिनकोड होता, विषय तिथेच संपला.

आणि शंका राहिलीच तर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. एका माणसानं उभं केलेलं एवढं काम आहे की बघून छाती दडपते. मोठ्या ग्रंथालयात मिळते, घरी हवी असं काही नाही.

एक सांगायचं राहिलं. 'पुनर्मुद्रण' आणि 'आवृत्ती' हे शब्द सगळे प्रकाशक एकाच शिस्तीनं वापरत नाहीत. वीस वर्षांनी दुसऱ्या प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकावरसुद्धा 'पहिली आवृत्ती' छापलेलं असतं, त्याच्या दृष्टीनं ती पहिली. म्हणून प्रकाशकाचं नाव आणि साल दोन्ही जुळवायचं.

अर्पणपत्रिका छापलेली असते, तीसुद्धा मैत्रीच सांगते ना? मग हातानं लिहिलेलंच का?

सांगते की, नक्की सांगते. पण छापलेली अर्पणपत्रिका सगळ्यांसमोर म्हटलेली असते, आणि हातानं लिहिलेलं फक्त एकासाठी असतं. दोन्हींतला प्रवास बघायचा असेल तर इंग्रजीतलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण टी. एस. एलियटचं. त्याची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ कविता १९२२ मध्ये आली, कवी मित्र एझरा पाउंडनं तिच्यावर जबर कात्री चालवली होती, तर एलियटनं पाउंडला दिलेल्या प्रतीवर शाईनं लिहिलं की हा माझ्यापेक्षा सरस कारागीर, तेही दान्तेचे इटालियन शब्द घेऊन. पुढे १९२५ च्या संग्रहात तेच शब्द छापील अर्पण म्हणून आले आणि आता जगभर प्रत्येक आवृत्तीत आहेत. म्हणजे आधी ते दोन मित्रांमधलं होतं, मग सगळ्यांचं झालं. आपल्याकडे असे किती शब्द कोऱ्या पानावरच राहिले असतील आणि पान रद्दीत गेलं असेल, याचा विचार केला की खरंच त्रास होतो.

'सप्रेम भेट' असा रबरी शिक्का आहे, तो चालतो का?

नाही. तो बहुतेक वेळा प्रकाशकाचा असतो. 'अभिप्रायार्थ' शिक्का असेल तर वर्तमानपत्राला किंवा मासिकाला परीक्षणासाठी पाठवलेली प्रत. शिक्क्याखाली लेखकानं नाव लिहून चार शब्द जोडले असतील तर मात्र थांबा आणि नीट बघा, कारण संपादकाशी नातं बऱ्याचदा तिथूनच सुरू व्हायचं.

लिहिलेलं खरं की खोटं कसं समजतं?

आधी तारखा. हे इतकं साधं आहे आणि तरी लोक करत नाहीत. राम गणेश गडकरी, म्हणजे कवितेतले गोविंदाग्रज, २३ जानेवारी १९१९ ला गेले, त्यांचा कवितासंग्रह वाग्वैजयंती आला १९२१ मध्ये. मग 'गोविंदाग्रजांनी लिहून दिलेली वाग्वैजयंती' ही वस्तू जगात असूच शकत नाही. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या त्या नंतर कितीतरी वर्षांनी. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांचाही संग्रह नंतरचा. बहिणाबाईंची गाणी १९५२ ची, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट, आणि बहिणाबाई आदल्याच वर्षी डिसेंबरात गेलेल्या, शिवाय त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या पुस्तकावर हस्ताक्षर शोधायचं तर त्यांचा मुलगा कवी सोपानदेव चौधरी यांचं, आईची गाणी त्यांनी कुणाला दिली हे बघायला मिळणं म्हणजे भाग्यच म्हणायचं.

मग शाई. अमेरिकेतसुद्धा बॉलपेन दुकानात विकायला आलं ते १९४५ च्या अखेरीला. त्यामुळे १९४२ तारीख घालून बॉलपेननं लिहिलेलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. उलट जुन्या पुस्तकावर नंतरची तारीख आणि बॉलपेन असेल तर त्यात काही वावगं नाही, वीस वर्षांनी मित्र घरी आला आणि म्हणाला लिहून दे, असंही होतं. टाकाची शाई कागदात मुरलेली असते, कडा किंचित पसरलेल्या असतात, समोरच्या पानावर कधी कधी पिवळट सावली उमटलेली असते. अशी सावली खोटी उमटवणं अवघड.

मग अक्षर. छापील सहीशी जुळवू नका, पूर्ण वाक्याशी जुळवा, त्याच काळातल्या. माणसाचं अक्षर तिशीत आणि सत्तरीत वेगळं असतं. आणि नाव कुठलं घातलंय तेही बघा, शिरवाडकर कवितेला कुसुमाग्रज आणि नाटक-कादंबरीला वि. वा. शिरवाडकर, तर नाटकाच्या प्रतीवर एक नाव, कवितेच्या प्रतीवर दुसरं, आणि जवळच्या माणसाला तिसरंच काहीतरी, असं होऊ शकतं. म्हणून नाव वेगळं दिसलं की लगेच खोटं ठरवू नये.

शेवटचं, मजकूर. खोटं लिहिणारा नेहमी जास्त लिहितो. मोठमोठी विशेषणं, दोन प्रसिद्ध नावं, स्थळ, काळ, सगळं एकदम. खरा मित्र मित्राला लिहिताना अर्धं गाळतो कारण समोरच्याला माहीत असतं.

नाशिकमध्ये अशी पुस्तकं मिळतात कुठे?

दुकानात फार कमी. घरांत जास्त. गंगापूर रोड, कॉलेज रोड, टिळकवाडी, पंचवटीतले जुने वाडे, जिथे जिथे बंगला पाडून बिल्डिंग उभी राहतेय तिथे माळ्यावरची पुस्तकं खाली येतात आणि तिथून थेट टेम्पोत. रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा, त्यांना सांगून ठेवा की जुनी मराठी पुस्तकं आली की वजन करण्याआधी फोन कर. ते करतात, माणसं चांगली आहेत, फक्त त्यांना आपण काय शोधतोय ते एकदा पुस्तक उघडून दाखवावं लागतं. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही नजर टाकत राहा, कधी काय निघेल सांगता येत नाही.

आपलं शहर या बाबतीत श्रीमंत आहे, लोकांना जाणवत नाही एवढंच. कुसुमाग्रज इथे, वसंत कानेटकर इथे, बाबुराव बागूल इथे. लोकहितवादी मंडळासारख्या संस्थेमुळे नाटकवाले आणि लिहिणारे सतत एकत्र. लक्ष्मीबाई टिळक शेजारच्या जलालपूरच्या. १९४२ चं साहित्य संमेलन नाशिकला झालं, अध्यक्ष आचार्य अत्रे, मग २००५ ला पुन्हा, २०२१ ला पुन्हा. संमेलन म्हणजे नुसती भाषणं नसतात, चहाच्या टेबलावर पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात जातात. त्या सालांतल्या तारखा आणि खाली 'नासिक' असं लिहिलेलं दिसलं की मी जरा जास्तच वेळ थांबतो.

आजोबांची पुस्तकं काढून टाकायची आहेत. आधी काय बघू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर. आजोबा शिक्षक, वकील, पत्रकार, प्रेसवाले, ग्रंथपाल, नाटकवाले यांपैकी काहीही असतील तर प्रत्येक पुस्तक उघडाच. मुखपृष्ठ फाटलंय, नाव अनोळखी आहे, पुस्तक पातळ आहे म्हणून बाजूला टाकू नका, उलट पातळ कवितासंग्रहांतच जास्त सापडतं कारण कवी लोक पुस्तकं विकण्यापेक्षा वाटतात जास्त. पहिली तीन-चार पानं आणि शेवटची दोन, एवढं उलटलं तरी पुष्कळ. मग पुस्तक उभं धरून हलक्या हातानं झटका, आत पोस्टकार्ड, पावती, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण असू शकतं. जे निघेल ते ज्या पानात होतं त्याच पानात परत ठेवा, किंवा पानाचा नंबर लिहून ठेवा. पोस्टकार्ड वेगळं काढून आल्बममध्ये लावलं की पुस्तक मुकं झालं आणि पोस्टकार्डही.

आणि एक विनंती. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, आजी, मोठ्या आत्या, काका, त्यांना ती नावं वाचून दाखवा. "हे कोण?" एवढंच विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. कोऱ्या पानावर 'प्रिय बापूस' लिहिलेलं असतं, तो बापू कोण हे त्यांच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नसतं. पुस्तक नंतरही बघता येईल, ही माहिती नाही.

नुसतं टोपणनाव आहे, आडनाव नाही. शोधायचं कसं?

आधी मायना बघा. 'चि.' असेल तर घेणारा वयानं लहान, 'ती.' असेल तर वडीलधारा, 'रा. रा.' असेल तर अजून अंतर आहे, नुसतं 'प्रिय' असेल तर बरोबरीचा. मग स्थळ आणि तारीख. मग त्या लेखकाची पत्रं छापून आली असतील तर ती काढा, कारण पत्रांत टोपणनावं उलगडतात. जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून कुणाकुणाशी जोडलेले होते हे त्यांची निवडक पत्रं खंडांत आल्यावरच लोकांना कळलं. आत्मचरित्रं, गौरवग्रंथ, दिवाळी अंकांतले आठवणींचे लेख, हे सगळं कामाला येतं. सार्वजनिक वाचनालयात बसा, १८४० पासूनची संस्था आहे, जुने अंक आणि जुने संदर्भ तिथे चाळायला मिळणं ही आपल्या गावाची चैन आहे.

वेळ लागतो. लागू द्या.

पुस्तकावर लायब्ररीचा शिक्का आहे, घ्यावं का?

'निर्लेखित' किंवा 'रद्द' असा शिक्का असेल तर संस्थेनं रीतसर काढून टाकलेलं पुस्तक, घ्यायला हरकत नाही. तसा काही शिक्का नसेल, दाखल क्रमांक तसाच जिवंत असेल, तर आधी त्या संस्थेला विचारा. लायब्ररीतून बाहेर आलेलं आणि परत न गेलेलं पुस्तक विकत घेणं म्हणजे कुणाच्यातरी चोरीला मदत. यात माझं मत पक्कं आहे, कितीही मोठं नाव असो.

किंमत किती येते?

ठरलेला भाव नाही, आणि मी भाव सांगतही नाही. मराठीत अशा प्रतींचा मोठा लिलावबाजार नाहीच. काही पुस्तकं रद्दीच्या वजनात मिळतात, काहींसाठी विकणारा वाटेल तो आकडा सांगतो कारण त्यानं कुठेतरी इंग्रजी पुस्तकांचे भाव वाचलेले असतात. घरच्यांकडून घेत असाल तर त्यांना पान दाखवून, काय आहे ते समजावून मगच घ्या. त्यांना न सांगता रद्दीच्या भावात उचलणं मला कधीच बरोबर वाटलं नाही.

ते पान कापून फ्रेम करू का? छान दिसेल.

अजिबात नको. पान पुस्तकातून सुटलं की ते कुठल्या पुस्तकातलं होतं हे पुढच्या पिढीला सिद्ध करता येत नाही आणि पुस्तक पहिलं पान नसलेलं, म्हणजे अपुरं. भिंतीवर लावायचंच असेल तर चांगला कलर स्कॅन काढून तो लावा, तोही उन्हापासून दूर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात जपायचं कसं?

नाशिकचा उन्हाळा पुस्तकांना मानवतो, पावसाळा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागून ओल येते, चार बोटं अंतर ठेवा. खालचा कप्पा रिकामा ठेवा. गावठाणात राहत असाल तर हे दुप्पट लागू, २००८ आणि २०१६ च्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या आसपासच्या गल्ल्यांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, तळमजल्यावर महत्त्वाची पुस्तकं ठेवायचीच नाहीत.

चाळीसच्या दशकातली पुस्तकं विशेष नाजूक. महायुद्धात कागदाची टंचाई होती, मिळेल त्या कागदावर छापलंय, आणि त्यातला आम्लाचा अंश आता पानं तपकिरी आणि ठिसूळ करतोय. अशी पुस्तकं पूर्ण १८० अंशांत उघडू नका, दोन्ही बाजूंना टेकू देऊन उघडा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर कधीच नको, फेव्हिकॉल नको. प्रत्येक पुस्तक आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवलं तर उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला. कडुलिंबाचा पाला ठेवत असाल तर पूर्ण वाळलेला, कापडी पिशवीत, पानांमध्ये थेट नाही, डाग पडतात. दसऱ्याच्या सुमारास ऊन कोरडं झालं की कपाट पूर्ण रिकामं करा, सावलीत हवा द्या, प्रत्येक पुस्तक उलटून कसर लागलीय का बघा. वाळवी दिसली तर पुस्तकांवर औषध मारू नका, लाकूड आणि भिंतीचा बंदोबस्त करा आणि पुस्तकं आधी तिथून हलवा.

फोटो ऑनलाइन टाकले तर चालतं का?

पुस्तक तुमचं असलं तरी लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि लेखक गेल्यावरही तो वारसांकडे राहतो: हयातीत छापलेल्या लिखाणाला आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं, हयातीत न छापलेल्याला ते पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं. खांडेकर १९७६ मध्ये गेले म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवर २०३६ संपेपर्यंत. दोन ओळींचा फोटो दाखवल्याबद्दल कुणी भांडायला येईल असं मला वाटत नाही, पण लांब मजकूर असेल, पत्र असेल, तर घरच्यांना विचारूनच टाका. आणि त्यात कुणाच्या आजारपणाबद्दल, पैशाबद्दल, घरगुती गोष्टींबद्दल काही असेल तर मी टाकत नाही. ते लिहिणाऱ्यानं एकालाच सांगितलेलं असतं.

कुठल्या लेखकांपासून सुरुवात करू?

जे तुम्हाला वाचायला आवडतात तिथून, याला दुसरं उत्तर नाही. न वाचलेल्या कवीची प्रत जमवून काय करणार, त्यातला इशारा कळणारच नाही.

मराठीत लेखकांचे कंपू भरपूर, त्यामुळे शोधायला वाव आहे. पुण्याचं रविकिरण मंडळ, माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश. मग विंदा, पाडगावकर आणि बापट, गावोगाव एकत्र कविता वाचणारे तिघं, १९५० च्या आसपास तिघांचेही संग्रह येत होते. मग लघुनियतकालिकांची पोरं, कोलटकर, चित्रे, अशोक शहाणे. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ ला शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं काढल्या, तिथे मित्रच प्रकाशक. नामदेव ढसाळांच्या गोलपिठाला तेंडुलकरांची प्रस्तावना. दोन वेगळ्या मुंबईंतली ही दोन माणसं, आणि तरी एकानं दुसऱ्याच्या पुस्तकासमोर उभं राहायचं ठरवलं. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ चा, पुस्तक भागाभागानं आलं आणि १९३६ मध्ये तर त्या गेल्याच, म्हणजे त्यांच्या हातून गेलेल्या प्रती सुरुवातीच्या भागांच्याच असणार. नाशिकच्या माणसानं त्या शोधायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

बाहेरदेशी असलेल्या मुलाकडे जुनी प्रत पाठवू शकतो का?

७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं, ज्यांना ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल आहे, ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि देशाबाहेर न्यायला बंदी आहे. आत जुनी पत्रं असलेलं पुस्तक कुरिअर करण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. शक्यतो इथेच ठेवा.

आत्ताच्या लेखकांचं काय? ते लिहून देतात का एकमेकांना?

देतात, पण 'शुभेच्छांसह' आणि खाली सही, एवढंच. मित्र ज्या गोष्टीवर बोलतात, भांडतात, एकमेकांचे खर्डे वाचून ओळी उडवतात, ते सगळं आता व्हॉट्सअॅपवर होतं आणि फोन बदलला की जातं. म्हणून लिहिणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना मी एकच सांगत असतो: नवीन पुस्तक मित्राला देताना टाकानं किंवा चांगल्या शाईच्या पेननं लिहा, मित्राचं पूर्ण नाव लिहा, गाव आणि तारीख घाला, आणि या पुस्तकात त्याचा काय वाटा आहे ते एका ओळीत सांगा. कुठलं प्रकरण त्याच्यामुळे गळलं, कुठली कविता त्याच्या घरी लिहिली, शीर्षक कुणी सुचवलं, काहीही. वेळ लागतो दोन मिनिटं.